रानीची खेप

रानी तिसऱ्यांदा निघून गेली, तेव्हा जमुनाबाईने शेजारणीला सांगितलंच नाही. सांगून काय, सुशिलाबाई हसणार. तिने पदर खोचला, पायात चप्पल सरकवली आणि नाल्याकडच्या विटाभट्टीची वाट धरली.

रानी म्हणजे भट्टीवरची म्हातारी खेचरी. पाठीवरचे केस झडलेले, पुढच्या पायांवर दोराचे काळे वळ. जूनच्या तोंडावर भट्टी बंद झाली, मजूर आपापल्या गावी गेले. मालकाने बाकीची खेचरं ट्रकात चढवली आणि हिला तशीच मागे सोडली. कामठा गावात ती दारोदार फिरायची, लोक दगड मारून हाकलायचे. जमुनाबाईचा गुरांचा कोठा रिकामाच होता. नवरा केवलराम गेल्यावर बैल विकले, शेत बटईने दिलं. लेक रुचिका रायपूरला नांदत होती. जमुनाबाईने खेचरीच्या गळ्यात दोर टाकला, "चाल वो माय" म्हणाली आणि तिला घरी आणलं.

आता जमुनाबाई बैलवाल्या घरची बाई. जनावराला घर दाखवलं, चारापाणी केलं, की सकाळी सोडलं तरी दिवस कलताना ते आपसूक परत येतं, एवढंच तिला ठाऊक. रानीला तिने सोडलं आणि रानी सरळ भट्टीवर. मोकळ्या मैदानात, उन्हात, मान खाली घालून उभी. मध्ये डांबरी रस्ता. काल रेतीचा एक ट्रक तिला चाटून गेला होता.

आजही ती तिथेच होती.

"काऊन वो? माझ्या घरी काय काटे हायेत?"

रानीने कानसुद्धा हलवला नाही.

रानीला घेऊन परतताना सुशिलाबाईने गाठलंच. "काय वो बाई, वरात निंगाली का आज बी? बांधून ठेव ना तिले!"

"तिचे पाय पाहिले का? जल्मभर बांधलेच लोकाईनं. मी बांधाले नाई आणली."

"मंग एक दिवस ट्रकखाली जाईन. मंग बसजो रडत."

सुशिलाबाईचं खोटं नव्हतं. पण बांधायचं म्हटलं की हात उचलत नव्हता.

भट्टीच्या खोलीवर कोळशाने मुनशीचा, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्याचा, फोन नंबर लिहिलेला होता. तो तिने उतरवून आणला होता. दुपारी फोन लावला. भैय्यालाल मुनशी तिकडे छत्तीसगडात आपल्या गावी होता.

"कामठ्यावरून जमुनाबाई बोलून राहिली. तुमची रानी माझ्याकडं टिकून नाई राहिली."

"काकी, उसको छुट्टी किसने दी?"

"भट्टीच बंद झाली ना गा!"

"वो हमको मालूम. रानी को कौन बताएगा?" तो हसला. "आमच्याकडं शेवटची खेप झाली का पाठीवरची गादी उतारत होतो, मग भुशाच्या राखेत लोळू देत होतो. लोळली का दिन खतम. इस बार ट्रक आला, जल्दी जल्दीत गादी ओढली, राख कोणी टाकलीच नाही. तुमी गादी टाका, थोडं वजन टाका, एक खेप करून आणा."

"म्हातारीवर वजन? मी तर तिले आराम द्याले आणली."

"आराम तिला असाच समजतो, काकी."

फोन ठेवून जमुनाबाई कोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. बैल जाऊन दोन वर्षं झाली होती. पहाटे चारला उठून ती अजून हा कोठा झाडत होती.

मग उठली. गोणपाटात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून जाड गादी शिवली, रानीच्या पाठीवर टाकली. तिच्या अंगातून एक कंप गेला आणि मान वर आली. राइस मिलपर्यंत जमुनाबाईला दोर ओढावाच लागला नाही. मिलच्या मागून भुशाची अर्धं पोतं राख मिळाली. ती पाठीवर घातली.

"बांधाले नाई आणली म्हणे, मंग लादाले आणली का?" सुशिलाबाई ओट्यावरून ओरडली. जमुनाबाईने मान वळवली नाही.

अंगणात पोतं उतरवलं, गादी काढली, राख पसरली. रानी उभीच. तिने फाटकाकडे पाहिलं.

"झालं वो माय. झालं आजचं."

रानीचे गुडघे हळूच दुमडले. ती धपकन आडवी झाली आणि चारही पाय वर करून राखेत लोळू लागली, या कुशीवरून त्या कुशीवर, कण्हत, फुरफुरत. उठली, अंग झाडलं, जमुनाबाईला नखशिखांत पांढरं केलं आणि आपल्या पायांनी कोठ्यात गेली. दोराशिवाय.

सकाळी फाटक उघडंच होतं. रानी अंगणात उभी होती, गादीकडे तोंड करून.

"पळाली का वो?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"नाई. खेपेची वाट पाहून राहिली."

खेप तर करावी लागणार. पण आणायचं काय? जमुनाबाईने घर धुंडाळलं. तांदळाचा डबा भरलेला. सरपण महिनाभर पुरेल एवढं. पाणी एका घागरीचं लागायचं, ती भरलेली. एकट्या बाईच्या घरात रोज आणावं असं असतं तरी काय?

शेवटी तिने एक पोतं तणीस भरलं आणि रानीच्या पाठीवर टाकलं. शेताच्या बांधापर्यंत ते नेलं, घटकाभर दोघी तिथे उभ्या राहिल्या, आणि तेच पोतं परत आणलं.