चार तारांचे घुमेमामा

घुमेमामांचा आवाज सगळ्या अंबडला माहीत होता, पण त्यांचं बोलणं फारसं कुणी ऐकलं नव्हतं. ते कोर्टात पट्टेवाले होते. सकाळी अकरापासून दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, प्रत्येक नाव तीनदा. पलीकडे टपरीवर चहा पीत बसलेला माणूस कप तसाच ठेवून पळत यायचा, असा खणखणीत आवाज. संध्याकाळी पाच वाजले की हाच माणूस मिटून जायचा. विचारलं तर मान हलवायची, फार तर ‘बराबर’ म्हणायचं. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. घुमे हे आमच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी ठेवलेलं, मग गावानेही उचललेलं. एक तर स्वभाव घुमा, आणि दुसरं म्हणजे ते वाजवायचे ते वाद्यही नुसतं घुमायचं. मामा बेस गिटार वाजवायचे.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात ऑर्केस्ट्रा होता, हे आता कुणाला खरं वाटत नाही. सात माणसं, एक जीप, दोन कर्णे आणि मालकांच्या मेव्हण्याचं निवेदन. गणपतीत, जयंतीला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शहागड, वडीगोद्रीपासून पार परतूरपर्यंत जायचो. मी सतरा वर्षांची, एकटीच मुलगी. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी मालकांना एकच विचारलं होतं, “घुमे सोबत आहेत ना? मग जाऊ दे.” दोघांची ओळख नुसती रस्त्यावरच्या नमस्कारापुरती; तरी वडिलांनी त्यांच्यावर भिस्त टाकली.

पहिल्याच कार्यक्रमात शहागडला मी घाबरले. समोर नदीपर्यंत माणसं बसलेली. तोंड उघडलं आणि सूर कुठे आहे ते कळेना. निवेदकाने हसून वेळ मारून नेली, ढोलकीवाल्याने उगाच एक तुकडा वाजवला. मामा माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले आणि फक्त षड्ज वाजवू लागले. एकच सूर, संथ, पुन्हा पुन्हा. हळूच म्हणाले, “खाली मी हाय. तू बिनधास्त पाय टाक.” मी पाय टाकला. पुढची सहा वर्षं मी त्या सुरावर उभी राहून गायले.

मामा बेस गिटारला गिटार म्हणत नसत, ‘वाद्य’ म्हणत. वाद्याविषयी मात्र ते बोलायचे, तेही जीपच्या मागच्या बाकावर आणि मलाच. नवीन वाद्य घ्यायचं नाही, हा पहिला नियम. “नव्या लाकडानं आपला उन्हाळा पाह्यलेला नस्तो. कलकत्त्याहून येतं, दुकानात पंख्याखाली बसतं, गोड बोलतं. मे महिना आला की मान वाकडी. दोन उन्हाळे काढलेलं घ्यावं.” बैल घेताना दात बघावेत आणि वाद्य घेताना मान, असं ते म्हणायचे. औरंगाबादला एकदा कार्यक्रमाआधी आम्ही एका माणसाच्या घरी गेलो. तो गाव सोडून चालला होता आणि त्याला त्याची बेस विकायची होती. मामांनी ती वाजवून बघितलीच नाही. बंदुकीसारखी डोळ्याशी धरून मानेवरून नजर टाकली, मागून बोट फिरवलं, आणि त्याला विचारलं, “का सोडून राह्यले?” तो म्हणाला, “सोबत वाजवायला कुणी उरलं नाही.” मामांनी भाव केला नाही. वाद्य घेऊन परत येताना शहराबाहेर पडेपर्यंत ते मांडीवर धरून बसले होते.

विकत घेतलेलं वाद्य मामा कधी तसंच ठेवत नसत. तारा मिळायच्या मुंबईला, त्याही महाग. मग दर दोन-तीन महिन्यांनी ते चारही तारा काढून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळायचे. मळ निघून तारा पुन्हा बोलायला लागतात, म्हणायचे. मामी मात्र त्या पातेल्यावरून वैतागायच्या. “लोकांच्या घरी रस्सा उकळतो, आमच्याकडं गिटार शिजून राह्यली,” असं त्या मला एकदा म्हणाल्या, आणि मामांकडे बघून हसल्या. मामांनी तारांखाली, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ, जुन्या गादीतल्या स्पंजची पट्टी खोचली होती. त्यामुळे सूर उमटायचा आणि लगेच विझायचा. मी म्हटलं, एवढा सुंदर सूर लांबवायचा सोडून मारता कशाला? म्हणाले, “मागला सूर लोंबकळत राह्यला की गाणाऱ्याचा पाय अडकतो. आपलं काम झालं की उठावं.” खांद्याला अडकवायचा पट्टा म्हणजे त्यांचाच जुना, पितळी बिल्ला काढलेला कामावरचा पट्टा होता. दिवसभर कोर्टाचा पट्टा अंगावर, संध्याकाळीही कोर्टाचाच.

वाजवताना त्यांची बोटं फार हलत नसत. जालन्याचा एक पोरगा एकदा त्यांच्यासमोर भरभर वाजवून दाखवत होता, चारही तारांवर पळत. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चांगलं हाय. मंग गाणाऱ्यानं कुठं बसावं?”

कार्यक्रम संपला की निवेदक एकेकाचं नाव घ्यायचा. टाळ्या व्हायच्या. मामांच्या वेळी तो बऱ्याचदा पुढे निघून जायचा. त्यात मुद्दाम काही नव्हतं. त्याला आठवायचंच नाही. मामा तेव्हा वायर गुंडाळत असायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला मालकांनी कीबोर्ड आणला. तो वाजवणारा मुलगा हुशार होता. उजव्या हाताने व्हायोलिन, बासरी काढायचा आणि डाव्या हाताने बेस. दोन तालमी झाल्या. तिसऱ्या तालमीला मालक म्हणाले, “मामा, जीपमधी जागा कमी पडून राह्यली. खर्चबी वाढला. बघा, तुमी समजदार हायेत.”

मामांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. ढोलकीवाला चाव्या आवळत होता. मी गाण्याच्या वहीत बघत होते. पुढच्या महिन्यात मालक मला आकाशवाणीच्या चाचणीसाठी घेऊन जाणार होते, हे माझ्या मनात होतं. मी म्हणू शकले असते की मामा नसतील तर मी गाणार नाही. ऑर्केस्ट्रात मुलगी मी एकटीच होते; मालकांना ऐकावं लागलं असतं. मी वहीचं पान उलटलं.

मामा म्हणाले, “बराबर हाय.” वायर गुंडाळली, वाद्य पिशवीत घातलं आणि निघाले. दाराशी थांबून चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला. एवढंच.

त्यांच्याशिवायचा पहिला कार्यक्रम चांगला झाला. हे मला अजून सोसत नाही. एकाही माणसाने विचारलं नाही की ते मागे उभे राहणारे कुठे गेले. चाचणीत मी नापास झाले. वर्षभरात माझं लग्न होऊन मी जालन्याला आले आणि गाणं सुटलं. मामा निवृत्त होऊन वडीगोद्रीला त्यांच्या मूळ घरी राहायला गेल्याचं कळलं. पुढे मामी गेल्याचंही कळलं. जालन्याहून वडीगोद्री काही लांब नाही. तरी मला तिथे जायला बारा-तेरा वर्षं लागली.

मी गेले तेव्हा दुपार होती. मामा ओट्यावर बसले होते. मला ओळखलं आणि उठून बोलायलाच लागले. मुलगा पुण्याला असतो, शेजारीण भाकरी देते, यंदा मोसंबी बरी आली. सहा वर्षांत बोलले नसतील एवढं ते अर्ध्या तासात बोलले. मला वाटलं, एकटेपणाने माणूस बोलका होतो.

अँप्लिफायर केव्हाच जळाला होता. पण वाद्य होतं. त्यांनी ते काढलं, लाकडी कपाटाशी खुर्ची ओढली आणि वाद्याच्या मानेचं टोक कपाटाच्या दाराला टेकवून तार छेडली. सगळं कपाट घुमलं. आतली भांडी किणकिणली. “रोज असंच वाजवतो,” ते म्हणाले. “कपाटच सोबत.”

ते खाली मान घालून खुंट्या पिळत होते, तेव्हा मी म्हणाले, “मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

त्यांनी वर पाहिलं नाही. खुंटी पिळत राहिले. तेच उत्तर असावं असं मला वाटलं, आणि ते मी मान्य केलं.

“गा,” ते म्हणाले.

मी एक जुनं गाणं गायले, आमच्या कार्यक्रमात नेहमी असायचं ते. आवाज फाटत होता, वरचा सूर लागला नाही. मामा माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत वाजवत होते आणि एकही जागा चुकले नाहीत. मी जिथे श्वास घेतला, तिथे तेही थांबले.

“फार वाईट झालं ना?” मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग ओशाळून हसले. “पोरी, वरचं काही ऐकू येत न्हाई आता मला. दोन-तीन वर्षं झाली. खालचं तेवढं अंगाला कळतं. तुझं तोंड पाहून वाजवलं.”

मग मी उठले, त्यांच्या कानाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, “चुकलं माझं, मामा!” शेजारच्या अंगणात ज्वारी पाखडणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं.

मामांचा चेहरा एकदम बदलला. “विकलं?” त्यांनी वाद्य छातीशी धरलं. “विकलं न्हाई गं. कोण म्हणलं? अंबडचा एक पोरगा आल्ता मागायला, पण म्या दिलं न्हाई. बिलकुल न्हाई.”

मला आणखी एकदा ओरडता आलं असतं. मी मान हलवली. “बरं केलं,” म्हणाले, तेही त्यांना ऐकू आलं नसणार.

रस्त्यापर्यंत ते सोडायला आले. एसटीला त्यांनीच हात केला. बसमध्ये गर्दी होती. मी कशीबशी खिडकीपाशी पोचले. मामा खाली उभे राहून माझ्याकडे बघत काहीतरी सांगत होते, हात हलवून, नीट समजावून. इंजिन सुरू होतं, मागे ट्रकचा भोंगा वाजत होता. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, पण मला ते वाचता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. ते काय सांगत होते, ते मला अजून माहीत नाही.