पांढऱ्या पायाची द्रौपदी

आमच्या भांडुपच्या चाळीत द्रौपदीला कुणी शुभकार्याला बोलवत नसे. तिचा नवरा दशरथ ऐन चाळिशीत आंघोळीचं पाणी काढता काढता कोसळला, उजवी बाजू गेली. ना दारू, ना तंबाखू, ना ब्लड प्रेशर. मग दोष कुणाचा? बायकोचा!

"पांढऱ्या पायाची इली नि माझ्या झिलाक खाटेक लावल्यान," सासू विमला दारात बसून सगळ्यांना ऐकवायची. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पाय पांढरे झाले म्हणे! मी एकदा तोंडावर बोलले, तर म्हातारीने माझ्याशी बोलणंच टाकलं. बरं झालं.

द्रौपदी मात्र गप्प. शाळेत आयाचं काम करायचं, घरी येऊन नवऱ्याला भरवायचं, पुसायचं. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. कुणी चांगल्या कामाला निघालं की ती आपणहून दाराआड व्हायची. ते बघून माझा जीव तुटायचा.

गेल्या वर्षी दशरथला पुन्हा झटका आला. हॉस्पिटलात डॉक्टर शुभा म्हणून एक मुलगी अशाच एका दुर्मीळ झटक्यावर संशोधन करत होती. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यात खराब होतात आणि तो दोष आईबापाकडून मुलांत उतरतो. तिने घरच्यांचं रक्त मागितलं. विमला आधी हटून बसली, मग एकदम तयार झाली. "घेवा रक्त. खोट कोणाची ती कळांदे एकदा."

"आजी, तुमच्या यजमानांना काय झालं होतं?" शुभाने विचारलं.

विमलाने पदर चाळवला. "ह्यांचीय एक बाजू गेलली. तेवा सासूयेन माकाच पांढऱ्या पायाची म्हटल्यान."

स्वतः भोगलेलं या बाईने जसंच्या तसं सुनेच्या पदरात घातलं होतं.

रिपोर्टात दोष दशरथच्या रक्तात निघाला. "काकी, यात तुमचा काही संबंध नाही," शुभा म्हणाली. "पण त्यांच्या मुलांत हा उतरायची शक्यता निम्मी असते."

मूल एकच, निधी. कॉलेजपासून तिचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे वीज चमकायची. द्रौपदी मीठ-मिरची ओवाळून तिची दृष्ट काढायची. निधीने स्वतःहून तपासणी करून घेतली. तिच्या रक्तातही तेच सापडलं, आणि ते थांबवणारं औषध अजून नाही.

मी भेटायला गेले तेव्हा निधी आत बापाला भरवत होती. विमला सुनेचा हात धरून रडत होती. "तुझी काय चूक नाय गो. तुझे पाय चांगलेच होते."

द्रौपदीने हात सोडवून घेतला. "नाय, आई. माझेच पाय पांढरे म्हणा. इतकी वर्षं म्हटलात ना? माझी खोट असती तर माझं चेडू, माझी निधी वाचली असती. म्हणा ना, आई!"