उलट्या रविवारचा उरलेला अर्धा

माझा भाऊ अकोल्यात वकिली करायचा आणि मी अमरावतीत राज्यशास्त्र शिकवायची. आता दोघंही निवृत्त. आम्हा दोघांत तोंडाळ मी आणि ऐकून घेणारा तो, असं घरात सगळे म्हणायचे, आणि ते खरंच आहे. मला राग पटकन येतो. उदारमतवाद शिकवताना मी टेबलावर हात आपटायची. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाला त्याच्या मनासारखं जगू द्यावं, बोलू द्यावं, एवढी साधी गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरत कशी नाही, म्हणून माझा जीव वर-खाली व्हायचा. एकदा एका पोरानं विचारलंच, मॅडम, उदार मताचं शिकवून राहिल्या तं मग एवढं चिडता काहून? सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण नंतर.

दादाचं तसं नव्हतं. त्याला चिडलेलं मी क्वचितच पाहिलं. वहिनी गेल्यावर त्याला उरला तो रविवार. जठारपेठेत एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी काही माणसं जमायची: शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, दादाचा शाळेपासूनचा मित्र असलेला एक डॉक्टर, दोन-चार बाया. एक विषय घ्यायचा, त्यावर बोलायचं, कडाकडा भांडायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. सोमवारपासून दादा पुढच्या रविवारच्या तयारीला लागायचा. तेवढ्यासाठी दाढी करायचा, तेवढ्यासाठी जेवायचा म्हणा ना. हे बंद पडलं तर दादा खाटेला लागेल, अशी मला धास्ती होती, आणि मी ती त्याला तोंडावर बोलूनही दाखवायची.

त्या बैठकीत दादानं एक रीत घातली होती. महिन्यातून एकदा कुणीतरी स्वतःला अजिबात न पटणारी बाजू मांडायची. थट्टा करायची नाही. ती बाजू खरोखर मानणारा माणूस समोर असला, तर त्यानं म्हणावं, अरे, हा तर माझ्या मनातलं बोलला, इतक्या ताकदीनं मांडायची. आणि पुढच्या रविवारी त्याच माणसानं ती खोडून काढायची. मधला आठवडा मुद्दाम ठेवलेला. एकाच बैठकीत मांडली आणि मोडली तर ती आधीच निकाल ठरवून खेळलेली नुरा कुस्ती होते, असं दादाचं म्हणणं. आठवडाभर लोकांची झोप उडू दे, मग उत्तराची किंमत कळते. याला सगळे उलटा रविवार म्हणायचे. मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून त्या दोन्ही रविवारांना हटकून जायची.

त्या मार्चात पाळी दादाची होती. विषय सुचवला वाचनालयाच्या नव्या सचिवांनी. कापडाचं दुकान चालवणारे गृहस्थ, नुकतेच कार्यकारिणीवर निवडून आलेले. वागणं इतकं गोड की मला पहिल्या दिवसापासून तिडीक यायची, आणि दादा म्हणायचा, नुसतं गोड बोलतो म्हणून कुणावर राग धरतात का, बाई? सार्वजनिक जागेत कुणीही काहीही बोलावं का, असा त्यांचा विषय. दादानं 'नाही' ही बाजू घेतली, कारण जन्मभर तो 'हो' म्हणत आला होता.

काय बोलला दादा त्या दिवशी! माणूस रिकाम्या जागेतून बोलत नाही, म्हणाला. त्याची भाषा, त्याचे शब्द, बोलायची हिंमतसुद्धा समाजानं दिलेली असते, मग त्या बोलण्यावर समाजाचा काहीच हक्क नाही का? सगळ्यांना मोकळं सोडलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकू येतं. आणि मी कुणाच्याच बाजूचा नाही, असं म्हणणारा पंच पुढे असलेल्याच्याच बाजूचा असतो. मग शेवटी म्हणाला, घर शाबूत राहायचं असेल तर घरातल्या प्रत्येकानं मनात येईल ते बोलून चालत नाही. मी इतकी वर्षं हाच विषय शिकवला, पण ही बाजू इतकी भक्कम मी कधी मांडली नव्हती.

मग टाळ्या वाजल्या. उलट्या रविवारी टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. लोक कपाळाला आठ्या घालून चहाकडे वळायचे. या टाळ्या थांबेचनात. याचं उत्तर पुढच्या रविवारी, असं दादा नेहमीप्रमाणे म्हणाला, पण ते त्या आवाजात बुडालं. पुढच्या बाकावर सचिवांनी मोबाइल उभा करून ठेवला होता. जिना उतरताना डॉक्टर मला म्हणाले, आज तुमचा भाऊ मनापासून बोलला. मी म्हटलं, अहो, रीत आहे म्हणून बोलला, ती रीत तुम्हाला काय आजच कळतेय का? ते नुसते हसले.

पुढच्या रविवारी गेलो तर माडीला कुलूप. रंगकाम काढलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी वाचनालयाचा कसलासा सत्कार. तोवर दादाचं भाषण सगळीकडे फिरलं होतं. अमरावतीत माझ्या शेजारणीनं मलाच ते दाखवलं आणि कौतुकानं विचारलं, तुमचे बंधू ना हे? किती छान बोलले. उत्तर पुढच्या रविवारी, हे त्याचं शेवटचं वाक्य त्यात नव्हतंच. मी तिला समजावायला बसले की हे त्याचं मत नाही, हे अर्धंच आहे, अर्धं अजून व्हायचं आहे. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू भावाचं कौतुक मला सहन होत नाही म्हणून मी काहीतरी बनवून सांगतेय.

मग नियम आला. माडीवर बोलायचा विषय आधी सचिवांना कळवायचा, लोकांत दुही माजेल असं काही बोलायचं नाही, आणि काय बोलल्यानं दुही माजते हे कार्यकारिणी ठरवणार. माडीच्या दाराशी लावलेल्या फलकावर नियमाच्या वर घराबद्दलचं दादाचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलेलं, खाली दादाचं नाव. आमच्या बैठकीतली माणसं ते वाचून गुमान खाली उतरली.

दादा सचिवांकडे गेला तेव्हा मी सोबत होते. उत्तराचा रविवार द्या, एवढंच त्याचं मागणं. सचिवांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हे तं तुमचंच आहे. आमी त्याच्याच आधारानं चालून राहिलो."

दादा म्हणाला, ते माझं मत नव्हतं, तुम्हाला रीत ठाऊक आहे.

"मत कोनाचंही असो, लोकायले पटलं ना? आता तुमी उलटं बोलले तं लोक गोंधळतात. अन् तुमी एकटे राहता, साहेब. आमाले तुमची काळजी वाटते."

आवाज जराही चढला नव्हता. मी मात्र हातातला कप टेबलावर आदळला. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण बरंच बोलले. सचिव मान हलवत शांतपणे ऐकत होते. मोबाइल त्यांनी टेबलावर उताणा ठेवला होता.

रस्त्यात मी दादाला फैलावर घेतलं. त्या सचिवाला दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत, तूच त्याला सगळं आयतं दिलंस, म्हटलं. दादा म्हणाला, कधी ना कधी त्याला सुचलंच असतं. नसतं सुचलं, मी म्हटलं, तेवढी अक्कलच नाही त्याला. पण घरी परतताना गाडीत बसल्यावर माझंच मला कळेना. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा, मगच ती खोडा, हे मी वर्षानुवर्षं पोरांना मोठ्या अभिमानानं सांगत आले. त्यात समोरचा आपलं ऐकायला पुढच्या रविवारी येणार, हे गृहीतच धरलेलं होतं. तो मधल्या आठवड्यात दार लावून घेईल, हे कुठल्या धड्यात मी शिकवलं होतं? मला भीती वाटायला लागली होती, आणि ती बैठकीपेक्षा दादासाठी जास्त होती.

शेवटी दादानं उत्तर स्वतःच्या घरी द्यायचं ठरवलं. सगळ्यांना फोन केले. कुणाचा नातू आजारी निघाला, कुणाला वलगावला लग्नाला जायचं होतं. एका मास्तरांनी खरं सांगितलं, घरी कुणीतरी येऊन भेटून गेलं, मुलगा म्हणाला जाऊ नका. पाच-सहा जण आले. डॉक्टर उशिरा आले आणि दारापाशी बसले. फाटकासमोर मोटारसायकल लावून दोघं अनोळखी माणसं टेकली होती. ती कुणाला काही म्हणत नव्हती. येणाऱ्याकडे बघायची आणि पुन्हा आपल्या गप्पांत लागायची.

दादा बोलायला लागला. सुरुवात त्याच्या नेहमीच्या पद्धतीची होती. समाजानं भाषा दिली हे खरं, म्हणाला, पण समाज म्हणजे कोण हे ठरवायला बसलेली माणसं शेवटी चार-पाचच असतात. मी सरसावून बसले. पण मग त्याची नजर समोरच्या एकेका चेहऱ्यावर, एकेकाच्या खिशातल्या मोबाइलवर फिरायला लागली. वाक्यं आखूड झाली. 'काही अंशी' आलं, 'अर्थात त्यांचा हेतू चांगलाच असेल' आलं. जन्मभर कोर्टात उभा राहिलेला माझा भाऊ स्वतःच्या बैठकीच्या खोलीत शब्द चाचपत होता. मला ते बघवेना.

तो थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू का? मले तुझं पहिलंच पटलं होतं."

दादानं मान खाली घातली. मी उभी राहिले. म्हटलं, पटू द्या ना, पण मग त्याचं उत्तर ऐकायला माडीला कुलूप कुणी लावलं, भाषण कुणी कापलं, तुमच्या घरच्यांना कोण भेटून गेलं, ते तरी एकदा मोठ्यानं बोलूया. सचिवांना मी सरळ...

"बस, बाई," दादा म्हणाला. "एवढं नको बोलू."

आवाज मऊच होता. खोलीत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघांनी तर मान डोलावली. क्षणभर मलाही ते शहाणपणाचंच वाटलं, आणि मी खाली बसले.