थोरलीचा दोर

आमच्या गावाला नदीने तीन बाजूंनी वेढलं आहे. चौथ्या बाजूला चढ आणि झाडी. खाण पलीकडच्या काठावर. गावातली प्रत्येक पायरी, उंबरा, पाण्याचा हौद त्या खाणीच्या दगडाचा, आणि तो सगळा दगड होडीतून आला. नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी पूल बांधायला घेतला होता. दोन खांब उभे राहिले, मग कंत्राटदार गेला तो गेलाच. त्या खांबांवर आता बगळे बसतात. रस्त्याने पलीकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून होडी.

ही होडी वल्ह्यांची नव्हे. दोन्ही काठांवर दगडी खुंट आहेत आणि त्यांच्यामध्ये मनगटाएवढा जाड दोर ताणलेला असतो. होडी दोन आखूड दोरखंडांनी त्या मोठ्या दोराला अडकवलेली. दोरखंडांच्या लोखंडी कड्या दोरावरून सरकतात. होडीतल्या माणसांनी उभं राहून दोर ओढायचा, की होडी पुढे जाते. सगळ्यांनी ओढायचा. मुकादम असो, नवी नवरी असो, तापाने फणफणलेला असो. आमच्या होडीत कोणी बसत नाही.

हा नियम नाववाल्या आप्पांचा. त्यांच्या तरुणपणी दोघं-तिघं ओढायचे, बाकीचे गप्पा मारत बसायचे. एकदा ऐन धारेत ओढणाऱ्या दोघांनी एकदम हात सोडले. होडी गर्रकन फिरली आणि उलटली. आप्पांचा धाकटा भाऊ त्यात गेला. तेव्हापासून आप्पा प्रत्येकाला एकच शिकवत आले. एक हात घट्ट बसला की मगच दुसरा उचलायचा, दोन्ही हात कधीच सोडायचे नाहीत. पोरं आधी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिकायची, मग होडीत यायची. आमच्या गावची माणसं जिन्याचा कठडासुद्धा तशीच धरतात. बाहेरचे हसतात.

आप्पांना मुलगा नव्हता, दोन मुली. धाकटी लग्न होऊन लांब गेली. थोरली राहिली. तिला सगळं गाव थोरलीच म्हणतं, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. अंगाने किरकोळ. पण ओढ कशी असते हे तिला कळायचं. नवखा माणूस दंडाने ओढतो आणि मध्यापर्यंत थकतो. थोरली टाचा रोवायची, कंबर मागे टाकायची आणि पाठीने ओढायची. तिच्या कपाळावर घाम यायचा तो पलीकडचा काठ आल्यावर. मी खाणीत चाळीसेक वर्षं घण मारला. कोण राबतंय आणि कोण राबल्याचं सोंग करतंय हे मला लांबून कळतं. थोरलीने सोंग कधी केलं नाही.

आप्पांची नजर गेली तेव्हा होडी तिच्याकडे आली. तरी आप्पा रोज सकाळी होडीत यायचेच. पलीकडच्या खुंटाची गाठ बोटांनी चाचपून पाहायचे.

"ही गाठ आहे की पोरीची वेणी?"

"वेणी घालायला तुम्हीच शिकवलंत, आप्पा."

"म्हणून तर सुटते."

"आजवर सुटली का?"

"सुटेल तेव्हा सांगायला मी नसेन."

हे रोजचं. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण गाठ परत एकदा आवळून ठेवायची.

त्या दिवशी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडत होता. पाणी गढूळ झालं होतं, वाढलंही होतं, पण होडी बंद ठेवावी इतकं नव्हतं. आम्ही सहा जण होतो. आप्पा, खाणीचा मुकादम, शिंपीणबाई, बेकरीवाला, मी आणि थोरली. शिंपीणबाईंच्या पाठीला कपड्यांचं बोचकं बांधलेलं होतं. बेकरीवाल्याने पावाची टोपली पायांत ठेवली होती आणि मुकादम त्याला चिडवत होता.

"पाव भिजले तर मी घेणार नाही."

"भिजलेलेच घ्या, चहात बुडवायचा त्रास वाचेल."

मध्यावर आलो आणि थोरली ओढता ओढता थांबली. धारेच्या वरच्या अंगाला पाहू लागली. तिकडून एक झाड वाहत येत होतं. अख्खं, मुळांसकट, आडवं. पाण्यावर काळसर दिसत होतं आणि वाटलं त्यापेक्षा वेगाने येत होतं.

"ओढा," ती म्हणाली. "जोरात."

ओढलं. सगळ्यांनी पाठीने ओढलं. पण झाड आमच्या पुढच्या बाजूला, पलीकडच्या काठाकडे, दोरावर येऊन आदळलं आणि त्याच्या फांद्या दोरात अडकल्या. दोर धनुष्यासारखा वाकला. मग झाड पाण्यात बसू लागलं आणि दोराला खाली ओढू लागलं. होडीची धारेकडची कड, जिथे आम्ही सगळे दोर धरून उभे होतो, ती खाली जाऊ लागली. पाणी कडेला लागलं.

थोरलीने क्षणात पाहिलं. सहा माणसांचं वजन त्याच कडेवर होतं. दोर खाली, आम्ही दोराला, होडी आमच्याबरोबर.

"हात सोडा!" ती ओरडली. "सगळे मागच्या कडेला व्हा! सोडा!"

कोणी सोडले नाहीत. ऐकू आलं होतं. समजलंही होतं. पण हात उघडले नाहीत. उलट प्रत्येकाने अधिक घट्ट धरलं. लहानपणापासून बोटांना जे माहीत होतं तेच बोटांनी केलं. पाणी आत येऊ लागलं. पावाची टोपली तरंगली.

थोरलीने पाणी उपसायचा पत्र्याचा डबा उचलला आणि मुकादमाच्या बोटांवर हाणला. तो कळवळला, हात सुटले. तिने त्याला खांद्याने मागे ढकललं. शिंपीणबाईंना बोचक्याला धरून ओढलं, त्या मागे पडल्या. बेकरीवाल्याला एक शिवी आणि एक डबा. मला डबा बसला तो अजून आठवतो. हात उघडले तेव्हा मलाच नवल वाटलं.

आप्पा राहिले.

"आप्पा, सोडा!"

"सोडणार नाही."

"होडी बुडतेय!"

"एकदा सोडले होते ना," आप्पा म्हणाले. दात आवळून, दोराला छाती लावून. "धाकटा गेला."

डबा चेपला होता. दोरखंड होडीला अडकवणाऱ्या खिट्ट्या ठोकून काढायला लाकडी मोगरी ठेवलेली असते. ती तिने घेतली. मला वाटलं खिट्टी काढायला घेतली. तिने ती बापाच्या उजव्या हातावर मारली. एकदा. आवाज आला, फांदी मोडावी तसा. आप्पा ओरडले नाहीत. दुसरा हात आपोआप ढिला पडला आणि आम्ही त्यांना मागे ओढून घेतलं. कड थोडी वर आली. मग तिने खिट्ट्यांवर मोगरी चालवली. पुढची निघाली. मागची ताणाने घट्ट बसली होती. होडी तिच्यावर लटकून फिरू लागली. तिने चार घाव घातले, प्रत्येक घावाला पाय रोवून, घाई न करता. खिट्टी उडाली आणि दोर आमच्यापासून सुटून पाण्याखाली गेला.

होडी पाण्याने अर्धी भरलेली, वाहत निघाली. आमचं गाव नदीच्या वळणात आहे, म्हणून वाहून आलेली प्रत्येक गोष्ट धुण्याच्या काठाला लागते. मोडकी खुर्ची, भोपळा, एकदा एक जिवंत बकरी. त्या दिवशी आम्ही लागलो. तिथे धुणं धुणाऱ्या बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात येऊन आम्हाला ओढून घेतलं.

सगळे वाचले. पण संध्याकाळी चावडीसमोर जी चर्चा झाली ती आम्ही वाचलो त्याची नव्हती.

"बापावर हात उचलला तिने," मुकादमाची बायको म्हणाली.

"उचलला म्हणून तुझा मुकादम घरी आला."

"बोलून सांगता आलं नसतं?"

"मी होते तिथे," शिंपीणबाई म्हणाल्या. "बोलून कोणाचे हात सुटले? तुमचे सुटले असते का?"

तरी काहींचं म्हणणं होतं की नवा दोर बेकरीवाल्याच्या पुतण्याकडे द्यावा. थोरली त्या चर्चेला नव्हतीच. ती घरी आप्पांच्या हाताला पट्ट्या बांधत होती. आप्पा तिच्याशी बोलत नव्हते. तिने भरवलेला घास तेवढा खायचे.

नवा दोर आला. थोरलीनेच तो दोन्ही खुंटांना बांधला, पुतण्याला कोणी विचारलंच नाही. पहिल्या सकाळी होडी काठाजवळच्या उथळ पाण्यात थांबवून ती म्हणाली, "आता सोडा. दोन्ही हात. वर करा."

आम्हाला जमेना. हसू येत होतं, लाजही वाटत होती. मुकादम एक हात वर करायचा आणि दुसऱ्याने गुपचूप धरायचा.

"मुकादम, मी पाहतेय."

"अगं, तो खाजवत होतो."

"दोराला खाज सुटली का?"

रोज असंच. मग रोज थोडं बरं. सगळ्यांचे हात वर झाले की ती "धरा" म्हणायची आणि मगच होडी धारेत जायची.

पट्ट्या सुटल्यावर एका सकाळी आप्पा काठीने चाचपत खाली आले. त्यांना जागा दिली. त्यांनी दोर धरला.

"सोडा," थोरली म्हणाली.

आमचे हात वर झाले. आप्पांचे नाहीत. थोरली थांबली. होडी हलेना. पाणी कडेला चुबुक चुबुक करत होतं. शिंपीणबाई काही बोलणार होत्या, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. थोरलीने परत सांगितलं नाही. ती नुसती उभी राहिली, हात वर करून, बापाला ते दिसत नव्हतं तरी.

आप्पांनी आधी डावा हात सोडला. बराच वेळ तो हवेत तसाच धरला. मग उजवा. त्याची दोन बोटं सरळ झाली नाहीत, आकड्यासारखी वाकलेलीच राहिली.

"इतकीच उघडतात," ते म्हणाले.

"पुरे," थोरली म्हणाली. "धरा आता."