चिठ्ठ्यांचा डबा

माझी पीएच.डी. समाजशास्त्रातली, पण पद्धत डिझाइन सायन्सची. म्हणजे प्रश्नाचं नुसतं वर्णन करून थांबायचं नाही. त्यावर उपाय घडवायचा, लोकांत वापरून बघायचा, फसला तर दुरुस्त करून पुन्हा वापरायचा. ऐकायला किती छान! प्रबंध झाला की कोल्हापूरला लेकीजवळ परत जायचं, या एका आशेवर मी रत्नागिरीत खोली घेऊन राहिले होते.

प्रश्न मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीबाजारातला निवडला. मासे विकणाऱ्या बायका रोज बाजाराच्या दाराजवळच्या जागेवरून भांडायच्या. मी जागांना खुणा केल्या आणि रोज सकाळी बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी निघेल तसं बसायचं ठरवलं. सगळ्यांना पटलं. मी तर हरखूनच गेले.

पण चिठ्ठ्या काढायच्या कोणी? एकीचं नाव सुचवलं, तर ती म्हणे हिची नणंद. दुसरी तिची शेजारीण. जिची तिनेच काढावी म्हटलं, तर आधी कोणी यावरून जुंपली. शेवटी सगळ्यांत वयस्कर बाईंनी निकाल दिला, "म्याडम, तुमीच काढा. तुमचा हात कोणाच्या घरचा नाय."

मी हात घातला. भांडण थांबलं आणि मी अडकले.

गाइड सर म्हणाले, "तुमच्याशिवाय चालत नाही, तोवर तो उपायच नव्हे. प्रबंधावर सही करणार नाही." बरोबर होतं, म्हणून जास्तच संताप आला. बायकांनाच मोबाईलवर चिठ्ठ्या काढायला सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "मोबाईल कोणाचा?" लेक फोनवर विचारायची, कधी येणार? मी म्हणायचे, हे झालं की. त्या डब्याची मला किळस यायला लागली.

एके दिवशी मुद्दाम गेलेच नाही. भांडतील आणि भांडता भांडता काहीतरी मार्ग काढतील, असं वाटलं. उन्हं चढल्यावर मात्र राहवेना. जाऊन बघते तर एकही बाई बसलेली नाही. टोपल्या झाकलेल्या, बर्फाचं पाणी पायाखालून वाहतंय. मला बघताच डबा पुढे आला.

"अहो, भांडायचं तरी!" मी ओरडलेच.

"तुमीच थांबवलात ना?" वयस्कर बाई म्हणाल्या. "आता भांडायची लाज वाटते."

त्यांचे मासे मऊ पडत होते. पर्समध्ये फोन वाजायला लागला, लेकीचाच. मी तो बंद केला आणि डब्यात हात घातला.