न मुरलेला सुंभ

माझ्या चुलत सासऱ्यांइतका न्यायाने संतापणारा माणूस पूर्णगडच्या खाडीच्या दोन्ही काठांवर दुसरा नसेल. आणि ज्या एका गोष्टीवर त्यांनी खरोखर संतापायला हवे होते, ती मी अकरा वर्षे त्यांच्यापासून लपवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या गमती सांगण्याच्या भरात माझा अपराध हळूच मागे सरकण्याचा संभव आहे. तशी त्याला सवय आहे.

त्यांचा राग माणसांवर नसे, धाग्यांवर असे. जे झाडातून आले ते सज्जन आणि जे कारखान्याच्या कढईतून आले ते लफंगे, अशी त्यांनी सृष्टीची सरळ वाटणी केली होती. साखरपुड्याला मी नवा चकचकीत शर्ट घालून गेलो, तर भरल्या ओटीवर त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. “जावईबापू, कापूस काय महाग झाला? अंगात प्लास्टिकची बरणी घालून आलात ती!” लग्नपत्रिका हाती आली की वधूवरांची नावे वाचण्याआधी ते तिचा कोपरा फाडून उजेडात धरत, फाटल्या कडेला तंतूंची लव दिसली नाही, तर ह्या लग्नाला जोर नाही असे जाहीर करत. शेजाऱ्याने मातीचा गिलावा काढून भिंत सिमेंटने लिंपली, तेव्हा त्यांनी त्याच्या घरचे पाणी सोडले. “मातीत पेंढा कालवतात तो काय गुरांसाठी? पेंढा भिंतीला धरून ठेवतो, मेल्या! तुझी ही मे महिन्यात तडकते की नाही बघ.” भिंत तडकली. त्या दिवशी ते आपण होऊन त्याच्याकडे गेले आणि दोन कप चहा प्याले.

पण खरा अभिमान सुंभाचा. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्महिने कुजवायची, दांडक्याने झोडून काथ्या मोकळा करायचा आणि तो हाताने वळायचा. त्या वासापायी चुलत सासूबाई त्यांना पुढच्या दाराने घरात घेत नसत. वाडीतला प्रत्येक मांडव मात्र त्यांच्याच सुंभाने उभा राही. बांधण्याआधी सुंभ पाण्यात पुरता मुरावा लागतो. कोरड्या काथ्याची गाठ ताठ राहते आणि हळूहळू उकलते. माझ्या मेहुणीच्या लग्नात भिजवण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. जावयाला कामाला लावू नये ही रीत त्यांनी मोडली, ती केवळ माझ्यावरच्या विश्वासाने. मी सकाळी फणसाखाली गप्पांत रमलो, जेवलो, आडवा झालो. तिसऱ्या प्रहरी डोळे उघडले तो भेंडोळी जशीच्या तशी! ती हौदात बुडवून लगेच वर काढली.

“मुरला ना?” त्यांनी विचारले.

“मुरला,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या आधी मांडवाचा कोपरा खचला आणि झावळ्या नवऱ्याच्या मामांच्या फेट्यावर आल्या. कोणाला लागले नाही. हसू मात्र सगळ्यांना आले. “काका, आता नायलॉन आणा हो!” कोणीतरी ओरडले. बाहीवरून भांडणारा हा माणूस सुटलेली गाठ हातात घेऊन एवढेच म्हणाला, “माझ्याच पिळात कसर राहिली.” मला आजही संताप येतो: त्या हसणाऱ्यांचा, पुढच्याच मांडवाला निळी दोरी आणणाऱ्या वाडीचा, आणि सर्वांत अधिक, मामांचा फेटा झटकून द्यायला तत्परतेने धावलेल्या माझा. त्यांनी पुन्हा खाडीत सोडणे घातली नाहीत. “हल्ली घराला वास येत नाही,” असे चुलत सासूबाई सांगत, आणि सांगताना त्यांचाच चेहरा उतरे.

ह्या वैशाखात त्यांच्या नातीच्या लग्नाचा मांडव घातला जात होता. दोरी निळीच. ऐंशी ओलांडलेले, कानांनी अधू झालेले काका पडवीत खुर्चीवर बसून ती बघत होते. मी शेजारी बसून माझ्या नेहमीच्या हलक्या आवाजात सगळे सांगितले.

“ऐकू नाही आलं,” ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितले.

“अजून मोठ्याने, जावईबापू. वर चढलेत त्यांनाही कळू दे.”

त्यांना पहिल्याच खेपेस ऐकू आले होते. मी उठून अंगणात गेलो आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला. वरचे हात थांबले.

“काका, त्या लग्नात सुंभ मी भिजवलाच नव्हता! मुरला म्हणून खोटं सांगितलं! तुमच्या पिळात कसर नव्हती, माझ्यात होती. मला क्षमा करा!”