आईची क्वीन्सटाउनची मैत्रीण

परवा सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या मजल्यावर एका बंद दारामागून तिळाच्या तेलात तळलेल्या आल्याचा वास आला आणि मला क्वीन्सटाउनची आमा आठवली.

तिथे आम्ही जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहायचो. आमा म्हणजे शेजारची चिनी आजी; तिच्या घरातून रोज हाच वास यायचा. पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेली आई आणि ती रोज दुपारी कॉरिडॉरमध्ये स्टुलांवर बसून भाजी निवडायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी होक्कियनमध्ये. एकमेकींचं काही कळत नसे, तरी दोघी खूप हसायच्या.

मग नव्या उंच इमारतींसाठी तो ब्लॉक पाडायचं ठरलं. आमा मुलाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला पासिर रिसला गेली. आई दिवसभर गप्प बसून राहू लागली, तेव्हा मी आमाच्या मुलाला फोन लावून दिला.

"आमा, जेवलीस का गं?" आईने विचारलं. पलीकडून आमा काहीतरी पुटपुटली. थोड्या वेळाने मुलाचाच आवाज आला, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत, "आंटी, मम नॉट टॉकिंग लाह. ओन्ली क्राइंग."

आईने फोन माझ्या हातात दिला.

"उद्या परत लावू?" मी विचारलं.

"नको गं. फोनवर आम्ही काय बोलणार? आम्हाला नुसतं शेजारी बसायचं असतं."

तेव्हा मला तो म्हातारपणीचा हळवेपणा वाटला. आता मी तिच्या त्या वयाला पोचले आहे, आणि त्या ब्लॉकबरोबर या देशात तिने स्वतः जोडलेलं एकमेव माणूस गेलं होतं, हे मला कळतं.

पुढच्याच महिन्यात आई पुण्याला परतली. मी कितीदा बोलावलं, पण ती पुन्हा सिंगापूरला आली नाही.